‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’च्या शेवटी सगळं सोनं वाऱ्यावर उडून जातं. असं खरंच होऊ शकतं का?

थोडंसं उडेल. बहुतेक सोनं मात्र जिथे ओतलं तिथेच, फार तर काही पावलांवर पडून राहील.

१९४८ च्या या चित्रपटात डॉब्ज, कर्टिन आणि म्हातारा हॉवर्ड हे तिघं मेक्सिकोच्या डोंगरात सोनं शोधतात. शेवटी दरोडेखोर सोनं घेऊन निघालेल्या डॉब्जला मारून त्याची गाढवं पळवतात. कातड्यांबरोबर लपवलेल्या थैल्यांत त्यांना वाळू दिसते. कातड्यांचं वजन वाढवायला भरली असेल, असं समजून ते ती जमिनीवर ओतून देतात आणि मग वादळ सुटतं.

सोनं न ओळखता येणं पटण्यासारखं आहे. नुसतं धुतलेलं कच्चं सोनं दागिन्यासारखं चमकत नाही. ते मळकट पिवळं असतं आणि त्यात काळी लोहयुक्त वाळू मिसळलेली असते. पण वजनाचं काय? कथा १९२५ ची आहे, तेव्हा अमेरिकेत सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलर होता. समजा एकाच्या वाट्याचं सोनं २५,००० डॉलरचं, म्हणजे जवळपास साडेसदतीस किलो. भुकटीच्या रूपात ते चार लिटरच्या आसपास भरेल. तेवढी वाळू सहा-साडेसहा किलोची. थैली हातात घेताच मनगटाला फरक कळायला हवा.

आता वारा. खळ्यावरची उफणणी आठवा: भूस उडतं, दाणा पायाशी पडतो. वाळवंटात पाणी नसतं तिथे सोनं शोधणारे हेच करतात. वाळवलेली माती घोंगडीवर वर उडवायची, वारा माती नेतो, सोनं घोंगडीत राहतं. वाळूची घनता २.६५, सोन्याची १९.३. तेवढ्याच आकाराचा सोन्याचा कण जागचा हलवायला सुमारे पावणेतीनपट वेगाचा वारा लागतो. दूरवर तरंगत जाईल ते फक्त पिठासारखं, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून बारीक सोनं. आणि गंमत म्हणजे, इतकं बारीक सोनं हातानं धुताना बरंचसं आधीच पाण्याबरोबर निघून जातं. थैलीपर्यंत ते फारसं पोचतच नाही.

ते का निसटतं, हे धुण्याच्या पद्धतीतच आहे. लाकडी पन्हळीत आडव्या पट्ट्या ठोकून वरून माती आणि पाणी सोडतात. जड कण पट्ट्यांमागे अडकतात. उतार साधारण फुटाला एक इंच. जास्त दिला तर बारीक सोनं वाहून जातं, कमी दिला तर पट्ट्यांमागे वाळू घट्ट बसते आणि सोनं तिच्यावरून सरकतं. मग उरलेला गाळ परातीत, पाण्याखाली. आधी चिकणमातीचे गोळे बोटांनी फोडायचे, नाहीतर सोनं त्यांनाच चिकटून बाहेर जातं. आडवं हलवून जड कण तळाला बसू द्यायचे, मग परात किंचित कलती करून फक्त वरचा थर सोडायचा. हे पुन्हा पुन्हा. परातीला तेलाचा हात लागला असेल तर बारीक सोनं भिजत नाही, तरंगतं. शेवटी उरते काळी वाळू. तिच्यातला बराच भाग सुकल्यावर लोहचुंबकानं निघतो.

सोन्यासारख्या चमकणाऱ्या पायराइट या खनिजाचा प्रसंग मात्र अचूक आहे. डॉब्ज आणि कर्टिन ज्या चकाकीवर भुलतात, ती म्हातारा हॉवर्ड लगेच ओळखतो. तुम्हाला शंका आली तर हातोडी मारा: पायराइटचा चुरा होतो, सोनं चपटं होतं. पांढऱ्या, चकाकी नसलेल्या फरशीवर घासलं तर पायराइटची रेघ हिरवट काळी, सोन्याची पिवळी.

म्हणून सोनं उडून गेल्याचं कळल्यावर हॉवर्डचं ते शेवटचं हसणं मनाला कितीही भिडलं, तरी इतक्या जाणत्या माणसानं तिथून उठून जायला नको होतं. आपल्याकडे सराफांच्या दुकानांसमोरची माती धुणारे झारेकरी असते, तर त्यांनी ती जागा सोडली नसती. थैल्या ओतल्या तिथली वरची दोन-तीन इंच माती खरवडायची, भिंतीच्या कडा आणि दगडांमधल्या फटी ब्रशनं झाडायच्या, सगळं चाळून परातीत धुवायचं. आणि फाटक्या थैल्याही टाकायच्या नाहीत. त्या जाळून राख धुतली की शिवणीत अडकलेलं सोनंही हाती येतं.