शेवटच्या रांगेपर्यंत आवाज का पोहोचत नाही?

प्रश्न : स्नेहसंमेलनासाठी नववीची मुलं अर्ध्या तासाची एकांकिका बसवत आहेत. वर्गात संवाद छान होतात, सभागृहात मात्र मागे काही कळत नाही. माइक वाढवावेत का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : नको. टांगलेले माइक पावलांचा धपधपाट आणि पंख्यांची घरघरही तितकीच उचलतात. (विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तुमच्याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा कुठे होते माइक?)

दोष बहुधा वाक्याच्या शेवटात असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी पैसे घेतले नाहीत’मधलं ‘नाहीत’ गिळलं की अर्थच उलटा! संहितेत श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीने उभी रेघ मारायला लावा. तालमीला एकाला शेवटच्या रांगेत बसवा. शेवटचा शब्द ऐकू आला नाही की त्याने हात वर करायचा. ‘मोठ्याने बोल’ म्हणून ओरडायला मात्र लावू नका. या वयात मुलग्यांचे आवाज फुटत असतात, घसा लगेच बसतो.

दुसरं, मुलं एकमेकांकडे पूर्ण वळून बोलतात, म्हणून आवाज विंगेत जातो. प्रेक्षकांकडचं पाऊल थोडं मागे घेतलं की अंग आपोआप समोर उघडतं. रंगमंचाचं माप घेऊन तेवढी चौकट वर्गात खडूने आखा, तालमी त्यातच घ्या.

शेवटच्या दोन तालमी तरी सभागृहात हव्यात. रिकामं सभागृह घुमतं, तेव्हा संवाद थोडे सावकाश ठेवा. भरल्यावर माणसं आवाज शोषतात.