वाचकांचे प्रश्न : टॉम आईला नाकारतो, तो भाग गाळावा का?

प्रश्न : मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करते. पाचवीतल्या मुलाला रोज रात्री मार्क ट्वेन यांच्या ‘द प्रिन्स अँड द पॉपर’चा मराठी अनुवाद वाचून दाखवते. राजा झालेला टॉम भर मिरवणुकीत आईला ‘मी तुला ओळखत नाही’ म्हणतो, तो भाग आधीच चाळला आणि जीव कळवळला. कारण गेल्याच आठवड्यात मुलगा मला म्हणाला, ‘शाळेच्या फाटकापर्यंत येऊ नकोस, लुगड्याला तंबाखूचा वास येतो.’ तो भाग गाळावा का?

उत्तर : ताई, गाळू नका, हवा तर दोन रात्री पुरवून वाचा. १८८१ सालच्या या कादंबरीत लंडनच्या दरिद्री वस्तीतला टॉम कँटी आणि राजपुत्र एडवर्ड कपडे बदलतात, आणि पहारेकरी, दरबारी, एवढेच काय, राजा आठवा हेन्रीसुद्धा फसतो. संशय येतो तो टॉमच्या आईला. लहानपणी तोंडासमोर बंदुकीची दारू उडाल्यापासून टॉम दचकला की तळहात बाहेर करून डोळ्यांपुढे धरत असे. म्हणून टॉमच्या कपड्यांत घरी आलेल्या मुलाच्या तोंडाशी ती रात्री एकाएकी दिवा नेते, पण हात तसा वर येत नाही. पुढे मिरवणुकीत तिचा चेहरा दिसताच टॉमचा हात मात्र आपसूक तसाच वर जातो, आणि त्यावरूनच ती त्याला ओळखून धावत येते.

तिला नाकारल्यावर टॉमला कोणी शिक्षा करत नाही. जयजयकार चालूच राहतो, पण त्याची मान खाली जाते. राजसंरक्षक मान वर करण्यास विनवतो तेव्हा तो एवढेच म्हणतो, ‘ती माझी आई होती.’ नंतर राज्याभिषेकाच्या वेळी फाटक्या कपड्यांतल्या एडवर्डपुढे आपणहून गुडघे टेकणारा टॉमच असतो, आणि राजमुद्रा कोठे ठेवली होती हे एडवर्डला आठवेनासे होते तेव्हा त्याला आठवण करून देणाराही तोच. लाज वाटलेल्या मुलाला ट्वेन यांनी परतीची वाट ठेवली आहे, आणि मला या पुस्तकात तीच सर्वांत मोलाची वाटते.

म्हणून वाचताना ‘बघ, तूही असाच वागलास’ असे मुलाला म्हणू नका. ते त्याचे त्याला कळेल. दिव्याच्या प्रसंगापाशी मात्र थांबा आणि विचारा, ‘अंधारात तू मला कशावरून ओळखशील?’ तो ‘वासावरून’ म्हणाला, तर म्हणू द्या.