काढणं आणि काढून दाखवणं

"मॅडम, मी रोज दोन तास चित्रं काढते. अकरा महिने एक दिवस चुकवला नाही. तरी काही सुधारलेलं नाही. म्हणजे माझ्यात ते नाहीच, असंच ना?"

हे विचारणारी मुलगी १९ वर्षांची. घरी तिला सगळे बाय म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. गोव्यात फोंड्याजवळच्या गावातली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मी समुपदेशक आहे. आई तिला माझ्याकडे घेऊन आली होती, कारण रात्री दोन वाजले तरी ती मोबाईलवर दुसऱ्यांची चित्रं बघत बसायची आणि मग उशीत तोंड खुपसून रडायची. आदल्या वर्षी तिने कला महाविद्यालयाचा अर्ज भरला होता. प्रवेश परीक्षेच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून अंथरुणातून उठलीच नाही. "मला वाटलं, खरंच दुखतंय," आई म्हणाली. खरंच दुखत होतं. भीतीने पोट दुखतं तेव्हा ते सोंग नसतं, हे आईला नीट समजावून सांगावं लागलं.

पहिल्या भेटीत चित्रांचा विषय मी बाजूलाच ठेवला. झोप कशी आहे, जेवण जातं का, कॉलेजात कुणाशी बोलतेस, सगळं विचारलं. जगू नये असं वाटतं का, हेही सरळ विचारलं. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे. उलट विचारलं की माणसाला हायसं वाटतं. बायला तसं काही वाटत नव्हतं. असतं तर वह्या उघडण्याआधी मी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला तसं वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, हे इथेच सांगून ठेवते.

दुसऱ्या भेटीला तिने वह्या आणल्या. सहा वह्या. मी चित्रकार नाही, रेषेतलं मला फारसं कळत नाही. पण माणूस काय टाळतो हे बघणं माझं रोजचं काम आहे. पानापानावर मुलींचे चेहरे. जवळजवळ सगळे डावीकडे वळलेले. डोळे मोठे, पापणीचा केसन् केस मोजता यावा असे. वेण्या तर इतक्या सुरेख की मी दोन पानांवर थांबलेच. आणि हात? एकीचे पाठीमागे, एकीचे खिशात, एकीचे ओढणीखाली, एकीच्या कोपरापाशी कागदच संपलेला. सहा वह्यांत पूर्ण काढलेला हात एकही नव्हता.

"हात कुठे आहेत गं?"

ती बराच वेळ वहीच्या कडेशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मला हात येत नाहीत."

"काढून बघितलेस?"

"काढले की चित्र बिघडतं. मग पोस्ट करता येत नाही."

इंस्टाग्रामवर रोज एक चित्र टाकायचं, असा नेम तिने केला होता. चांगलं दिसेल असं चित्र रोज हवं, म्हणून रोज तेच काढायचं जे हमखास येतं. अकरा महिने ती जे येत होतं तेच करत होती, आणि जे येत नव्हतं ते झाकत होती. त्यात आळस कुठेच नव्हता. दोन तास बसणं ही लहान गोष्ट नाही, आणि हे मी तिला आधी सांगितलं. पण ज्या नेमात चुकायला जागाच नाही, त्या नेमात शिकायलाही जागा उरत नाही.

तिचा धाकटा भाऊ तबला शिकतो. मी विचारलं, तो घरी काय वाजवतो? "तिरकिट," ती वैतागून म्हणाली. "तीन महिने तिरकिट. तेही इतकं हळू, की आजी म्हणते आता पुरे."

"मग तो ते रेकॉर्ड करून लोकांना पाठवतो?"

"तिरकिट कोण पाठवणार? तो नुसता वाजवतो. वाजवून कुठे दाखवतोय..."

वाक्य तिथेच तुटलं. माझ्या पुढच्या सगळ्या भेटी त्या वाक्यावर उभ्या राहिल्या. वाजवणं वेगळं, वाजवून दाखवणं वेगळं. काढणं वेगळं, काढून दाखवणं वेगळं. आपल्या भाषेने हा फरक क्रियापदातच ठेवलाय. बाय वर्षभर चित्र काढून दाखवत होती, काढत नव्हती. रोजचं प्रत्येक पान तिच्यासाठी परीक्षेचा पेपर होतं, आणि निकाल दर रात्री मोबाईलवर लागत होता. प्रवेश परीक्षेला न जाणारी मुलगी घरात बसून रोज परीक्षा देत होती.

सरावाबद्दल मानसशास्त्रात बराच अभ्यास झालाय. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा शोधनिबंध त्यातला गाजलेला. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर तो आधारलेला होता. पुढे त्यातून 'दहा हजार तास केले की प्रावीण्य' असं एक सोपं सूत्र लोकांनी काढलं, आणि स्वतः एरिक्सन यांनाच ते मान्य नव्हतं. त्यांचा भर तासांच्या बेरजेवर नव्हता. त्या तासांत काय चालतं यावर होता: जमत नाही तो नेमका भाग निवडणं, त्यावर लक्ष एकवटणं, कुठे चुकलं ते लगेच कळणं आणि दुरुस्त करून पुन्हा करणं. असा सराव दमवतो, म्हणून दिवसात फार तास होतच नाही. सरावानेच सगळं ठरतं असंही नाही, हे नंतरच्या संशोधनात दिसलं. उपजत फरक असतात. पण बायच्या प्रश्नाला तो मुद्दा लागूच नव्हता. 'माझ्यात ते आहे का' हे ठरवण्याइतकी पाटी तिने अजून लिहिलीच नव्हती.

चित्रकलेचं मी काही सांगणं योग्य नव्हतं. ओळखीचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी वह्या चाळल्या, वेण्यांचं कौतुक केलं आणि स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला मागवला. पुढचा पाऊण तास मी बाजूला बसून बघितला, आणि खरं सांगते, मलाही नवीन दृष्टी मिळाली.

बायने पेला काढला. वरची कड लांबट गोल, दोन्ही टोकांना बदामासारखी टोकदार. खालची कड सरळ रेघ. मास्तर म्हणाले, "पेला टेबलावर सपाट बसलाय हे तुझ्या डोक्याला माहीत आहे, म्हणून तू रेघ मारलीस. डोळ्याला विचार." मग पेला उचलून तिच्या नजरेच्या पातळीवर धरला. कडेचा गोल नाहीसा झाला, नुसती आडवी रेघ राहिली. पेला हळूहळू खाली नेला तसा गोल उघडत गेला. "जितकं नजरेच्या खाली, तितका गोल उघडा. मग पेल्याची खालची कड वरच्यापेक्षा जास्त गोल हवी, की कमी?" बाय पुटपुटली, "जास्त." तिने तर ती सपाट केली होती. मास्तरांनी दुसरी गोष्ट दाखवली: लांबट गोलाला टोकं कधीच नसतात, तो कडेलाही वळतच जातो. आणि तिसरी, जी मला सगळ्यात आवडली: बोट म्हणजे तीन छोटी नळकांडी, मनगट म्हणजे एक चपटं नळकांडं, तळहात म्हणजे जाडसर खोकं. "ज्याला पेला आला त्याला अंगठी येते. अंगठी आली की बोट कुठे वळलंय ते कळतं. हात येत नाहीत असं म्हणू नकोस. पेला येत नाही असं म्हण. ते दुरुस्त करता येतं."

'हात येत नाहीत' या वाक्यापुढे माणूस हरतो. 'खालची कड सपाट येते' या वाक्यापुढे हरत नाही, कारण त्यात उद्या काय करायचं ते लिहिलेलं असतं. समुपदेशनात आम्ही नेमकं हेच करायला धडपडतो, आणि इथे एका पेल्याने ते करून दाखवलं.

आम्ही तिघांनी मिळून नेम ठरवला. शंभर पानांची साधी रफ वही, बॉलपेन, खोडरबर नाही. रोज २५ मिनिटं, घड्याळ लावून. आधी पाच मिनिटं नुसत्या रेघा आणि लांबट गोल, खांद्यातून हात फिरवून. मग पंधरा मिनिटं एकच गोष्ट: आठवडाभर पेले-लोटे, मग खोकी, मग आपलाच डावा हात. शेवटच्या पाच मिनिटांत पेन खाली ठेवून बघायचं आणि एकच वाक्य लिहायचं: आज नेमकं कुठे चुकलं. 'घाण आलंय' असं लिहायला बंदी. या वहीचा फोटो काढायचा नाही. रविवारी मात्र मनासारखे चेहरे, हवे तितके. ते काढून घेतले असते तर ती मोडली असती. आवडीनेच ती इथवर आली होती.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले, आणि ते तसे जातील असं मी आधीच सांगितलं नसतं तर तिने सोडून दिलं असतं. जे आपोआप होत होतं त्यावर लक्ष द्यायला लागलं की हात अडखळतो. शिवाय डोळा हातापेक्षा लवकर शिकतो. काल न दिसणारी चूक आज दिसते, म्हणून चित्र कालच्यापेक्षा वाईट झालं असं वाटतं. ज्यांना आपण मागे चाललोय असं वाटतं, त्यातल्या पुष्कळांचं नेमकं हेच झालेलं असतं.

एका शनिवारी मास्तरांनी तिला आणि तिच्या भावाला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पाठवलं. गृहपाठ एवढाच: उभं राहून समुद्राची क्षितिजरेषा लोकांच्या कुठल्या भागावरून जाते ते बघायचं, मग वाळूत बसून तेच बघायचं. उभं राहिल्यावर तिच्याच उंचीच्या लोकांची डोळ्यांची पातळी त्या एका रेषेवर येत होती, जवळचा माणूस असो की लांबचा. बसल्यावर तीच रेषा उभ्या माणसांच्या मांड्यांपाशी उतरली. क्षितिज म्हणजे आपल्याच नजरेची पातळी, हे तिला तिथे कळलं. येताना ती भावाला घरांची कौलं दाखवत होती, नजरेच्या वरच्या रेषा लांब जाताना खाली उतरतात आणि जोत्याच्या रेषा वर चढतात म्हणून. "त्या दिवशी बसमध्ये मोबाईल काढलाच नाही तिने," भाऊ मला म्हणाला. माझ्या नोंदवहीत त्या महिन्यातली सगळ्यात मोठी नोंद तीच आहे.

मध्ये एकदा तिने विचारलं, कला महाविद्यालयात नाही गेले तर कलाकार होताच येणार नाही का? मी तिला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांबद्दल सांगितलं. आपल्या लोटलीचे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं, पण तरुणपणी ते चित्रांची रोजनिशी ठेवत: गावातली माणसं, लग्नं, पाद्री, शेजारी. ती पुस्तकरूपात लोकांसमोर आली कित्येक दशकांनंतर. दुसऱ्या टोकाला चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५). सांग्याचे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये रीतसर शिकलेले आणि तिथेच शिकवलेले. त्यांची चित्रं पणजीत फोंताइन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे आहेत. बाय जाऊन आली. म्हणाली, "मी फक्त हात बघितले." वाटा दोन्ही आहेत. हाताला दोन्ही वाटांवर तितकंच चालावं लागतं.

हात रेखाटायला तिने नवव्या आठवड्यात घेतले. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांपैकी बारा मिनिटं नुसती बसून राहिली, पोटात गोळा आला म्हणाली. परीक्षेच्या दिवशीचाच तो गोळा. मी सांगितलं होतं: गोळा आला तरी पेन उचलायचं, तो जाण्याची वाट बघायची नाही. टाळलं की भीती वाढते, थोडं थोडं सामोरं गेलं की उतरते. तीन मिनिटांत तिने एक अंगठा काढला. खाली लिहिलं: 'नख बोटाबरोबर वळलं नाही.'

आई-वडिलांसाठी एक गोष्ट, कारण हा प्रश्न घेऊन बहुतेक वेळा तेच येतात. मुलाने वही दाखवली तर 'छान' एवढंच म्हणू नका, आणि 'याने पोट भरणार आहे का' हे त्या क्षणी तर अजिबात विचारू नका. यात तुला अवघड काय गेलं, असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

डिसेंबरच्या भेटीत बायने वही माझ्यापुढे ठेवली. पान उघडायच्या आधीच म्हणाली, "तिसरं काकण चुकलंय." चित्रात आईचा हात होता, आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवणताना. सात काकणं, प्रत्येकाचा गोल वेगळ्या मापाने उघडलेला, आणि तिसरं खरंच मनगटाबरोबर वळत नव्हतं. मला ते तिने दाखवल्यावरच दिसलं. ती रडली नाही. तिने पुढचं पान उलटलं, तिथे फक्त मनगट आणि तिसरं काकण होतं, चार वेळा.

झोप आता साडेअकरापर्यंत लागते. पोस्ट करणं बंद नाही, आठवड्याला एक टाकते. अर्ज यंदा भरायचा की बी.कॉम. झाल्यावर, ते ठरलेलं नाही. वडिलांना आधी पदवी हवी आहे, आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पुढची भेट शिगम्यानंतर ठेवली आहे. वडीलही येणार आहेत.