मंदिर, बस्ती (जैन मंदिर), मशीद, चर्च अशा इमारतींच्या वेगवेगळ्या शैलींवर स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढून केलेली फिल्म, करायचीय. मॉडेल कसं करू आणि किती फोटो लागतील?

सेकंदाला १२ फोटो धरा, म्हणजे मिनिटाला ७२०. हिशोब एवढाच.

मॉडेलचं विचाराल तर शिखर, घुमट, क्रूस लावून मोकळे होऊ नका. त्यानं इमारत ओळखता येते, शैली कळत नाही. छत कसं पेललंय ते दाखवा.

आम्ही बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती केली होती. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. मंडपाच्या छताला दगडी कमळ उलटं लटकतंय. मान दुखेस्तोवर बघा: वर्तुळावर वर्तुळ, वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकलेला. मूर्तिकाराकडून शाडू आणला आणि माळ्यावर एकेक थर चढवत शूट केलं. दिव्याखाली शाडू वाळून सांधे उघडतात, म्हणून शूट थांबलं की ओलं फडकं टाकायचं. खिडकीला पोतं, कारण ऊन सरकलं की फ्रेमगणिक सावली नाचते.

स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "नुसतं छतच आहे, देऊळ कुठाय?" बक्षीस गेलं थर्मोकोलच्या शिखराचा घुमट होणाऱ्या फिल्मला. मला ते आजही पटत नाही. सगळे धर्म एक हा संदेश चांगलाच, पण घुमट उभा कसा राहतो हे त्यात कुठंच नव्हतं. विजापूरचा गोल घुमट बघा. सुमारे ४४ मीटर व्यास, मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनी दालनाला वर गोलाकडं नेतात. कमान शेवटचा दगड बसेपर्यंत स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, खाली लाकडी साचा लागतो. बस्तीसारख्या छतात पुढं आलेल्या दगडाला मागचं वजन धरून ठेवतं. खरा फरक हा आहे, आणि दगड हातानं सरकवत फोटो काढण्यात तो जसा दिसतो तसा दुसरीकडं दिसत नाही. साचा काढून घ्यायच्या फ्रेमवर जास्त वेळ द्या. त्या परीक्षकांना मी तिथंच हे सांगितलं होतं.

चर्चसाठी बेळगावच्याच कॅम्पातल्या सेंट मेरीच्या टोकदार कमानी बघून या.

कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स मॅन्युअलच ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. अगदी लहान मुलांसाठी करत असाल तर शिखर-घुमट चालतील. आणि बस्तीत ट्रायपॉड लावण्याआधी तिथं विचारा.