ट्रे आपटला हे खरंय, तरी दोघांना एका केबिनमध्ये कोंबू नका

(पत्र थोडं छोटं केलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.)

"ताई, मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. माझ्याकडे एक स्टाफ सिस्टर आहे, कामाला एक नंबर, पण मागून कुणी जोरात बोललं की एकदम पेटते. परवा सकाळच्या ओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवतात तेव्हा, नवीन ब्रदर (पुरुष नर्स) मागून येऊन ओरडला, 'बेड सातचा ऑक्सिजन कुणी बंद केला?' हिने हातातला ट्रे जमिनीवर आपटला, त्याला नको ते बोलली आणि स्टोअररूममध्ये जाऊन बसली. ऑक्सिजन कुणी बंद केलाच नव्हता, किती ऑक्सिजन जातोय ते दाखवणारा फ्लोमीटर नीट बसला नव्हता. ब्रदरने लेखी तक्रार दिलीय. मेट्रन मॅडम म्हणतात सोमवारी दोघांना केबिनमध्ये बोलवू, सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावू, विषय संपला. ती २०२१ ला दुसरीकडे कोविड आयसीयूला होती एवढंच मला माहितीय. वाटतं की एकदा जवळ बसवून तिला सगळं बोलतं करावं. बाकीच्या म्हणतात, कोविड काय हिनेच केला का, आम्ही पण केला. मी तिला डोक्यावर बसवतेय का?"

सिस्टर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही बसवत. पण ते जवळ बसवून बोलतं करायचं जे डोक्यात आहे ना, ते आधी काढून टाका. तुमचा हेतू चांगला आहे, त्यात शंका नाही, पण तुम्ही तिचा रोस्टर लावता, तिच्या रजेवर सही करता, तुमच्यासमोर ती रडली तर उद्या नाईट कमी लागल्या तरी तिला वाटणार मला कमकुवत समजतायत आणि जास्त लागल्या तर वाटणार उगाच बोलले. इन्चार्जसमोर मन मोकळं करणं हे मैत्रिणीसमोर करण्यासारखं नसतंच कधी.

दुसरं कारण जरा पुस्तकी आहे पण ऐका. भयंकर काही घडलं की माणसाला एकदा बसवून सगळं बोलायला लावायचं, ही पद्धत एके काळी फार चालायची. मग भाजलेले, अपघातात सापडलेले अशा लोकांवरच्या चाचण्या २००२ च्या कोक्रेन रिव्ह्यूमध्ये (एकाच विषयावरचे सगळे अभ्यास तपासून काढलेला निष्कर्ष) एकत्र तपासल्या, तर दिसलं की अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, एका चाचणीत तर बोलायला लावलेल्यांनाच वर्षभराने जास्त त्रास होता. सक्तीने असं करणं बंद करा, असं रिव्ह्यू करणाऱ्यांनी सरळ लिहून टाकलं. ते सगळं प्रसंगानंतर लगेचचं होतं, तुमच्याकडे मध्ये वर्षं गेलीयत, पण जखम उघडून बघितली की ती भरते हा जो आपला समज आहे तो इथेही तितकाच कच्चा आहे.

आणि मुळात कोविडच आहे हे कुणी ठरवलं? तुम्ही अंदाज केलात, मी पण पत्र वाचून तोच केला, कारण २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनचं काय चाललं होतं ते आपल्याला माहितीय, २१ तारखेला नाशिकला महापालिकेच्या हॉस्पिटलात टाकी लीक झाली आणि २० पेक्षा जास्त पेशंट गेले, ती बातमी ऐकून त्या रात्री ड्युटीवर असलेल्या राज्यातल्या कुठल्या नर्सच्या पोटात गोळा आला नसेल. पण तिचं कारण घरातलंही असू शकतं, लहानपणचंही असू शकतं. तुम्हाला ते कळायची गरजच नाहीये. हल्ली ट्रॉमा-इन्फॉर्म्ड (मनावरच्या आघाताचं भान ठेवून वागणं) म्हणून जे ट्रेनिंगमध्ये ऐकू येतं, त्याची अमेरिकेतल्या साम्सा या सरकारी संस्थेने २०१४ ला सहा तत्त्वं मांडली, सुरक्षित वाटणं, भरवसा आणि पारदर्शकपणा, सोबत्यांचा आधार, मिळून ठरवणं, माणसाला स्वतःचं म्हणणं आणि निवड असणं, आणि संस्कृती, इतिहास, बाई-पुरुष यांचं भान. यात तिची गोष्ट काढून घ्या असं कुठेच नाही. उलट कुणाला काय झालंय हे न विचारताही कुणाला झालेलं असू शकतं असं धरून चाला, एवढंच आहे.

आता सोमवार. सगळ्यांसमोर सॉरी हा प्रकार दोघांच्याही बाबतीत चुकीचा आहे. ती तिथे एकतर दगडासारखी उभी राहील किंवा पुन्हा पेटेल, आणि मग सगळे म्हणणार बघा, हिचं हे असंच. आणि ब्रदरला मिळेल एक वरवरचं सॉरी. त्याची बाजू तुमच्या पत्रात फार थोडी आलीय बरं का. नवीन पोरगं, सातच्या पेशंटचा ऑक्सिजन येत नाहीये बघून घाबरून ओरडलं, त्यात त्याचं काय चुकलं, आणि बदल्यात वॉर्डातले मामा-मावशी, पेशंटचे नातेवाईक सगळ्यांसमोर नको ते ऐकून घेतलं. त्याचा अपमान झालाय. तो काय सोसून आलाय हे तरी कुठे माहितीय आपल्याला.

म्हणून दोघांना वेगवेगळं भेटा. आदल्या दिवशीच सांगा की कधी, कुठे, किती वेळ, कोण कोण असेल आणि कशाबद्दल. "उद्या जरा केबिनला ये" एवढं सांगून पाठवू नका, त्याने रात्रभर झोप लागत नाही कुणालाच. नाईट संपवून आलेल्या माणसाशी तर हे बोलणं नकोच. सोबत कुणी हवंय का विचारा. दाराकडे तिची पाठ येईल अशी खुर्ची ठेवू नका (मागून आवाज आला की काय होतं ते तुम्हीच लिहिलंय). आणि "असं का केलंस" विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो, त्यापेक्षा विचारा, त्या वेळी काय झालं असतं तर बरं झालं असतं, आणि पुढच्या वेळी आपण काय करूया. तिने आपणहून काही सांगितलं तर ऐका, पण खोदू नका.

ट्रे आपटणं मात्र सोडून द्यायचं नाही. इथे बऱ्याच भल्या माणसांचा घोळ होतो, तिला त्रास आहे म्हणजे तिला सगळं माफ असं वाटतं, मग बाकीचा स्टाफ चिडतो आणि त्यांचं बरोबरच असतं. तिला स्वच्छ सांगा, आवाज न चढवता, की ट्रे आणि ते शब्द वॉर्डात चालणार नाहीत, ब्रदरचं यात नुकसान झालंय, ते कसं भरून काढायचं ते तू सुचव. दोन ओळी लिहून देईल, किंवा तुमच्यासमोर त्याच्याशी बोलेल. तोही तयार असेल तरच. त्याच्या तक्रारीला लेखी उत्तर जाऊ दे, ती फाईलमध्ये गडप झाली तर पुढच्या वेळी तो तक्रार करणार नाही, सरळ भांडेल.

बाकीच्यांच्या "आम्ही पण केला" वर वाद घालू नका. केलाच आहे त्यांनी. त्यांनाही कधी कुणी विचारलं नसणार, ते त्या वाक्यातून बाहेर येतंय. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांसाठी ड्युटी रूमच्या बोर्डावर लावा, तिच्या एकटीच्या हातात चिठ्ठी देऊ नका.

आणि वॉर्डाचा नियमही सगळ्यांसाठीच करा. मागून ओरडायचं नाही, समोर येऊन नाव घेऊन बोलायचं, "कुणी बंद केला" च्या जागी "बेड सात, ऑक्सिजन बघा". नियम फक्त तिच्यासाठी आहे असं वाटलं तर तिची शोभा होईल. ओव्हर घेताना प्रत्येक बेडला फ्लोमीटर हाताने तपासायचा हे पण त्यात घाला. अर्धं भांडण त्या सैल फ्लोमीटरचं आहे आणि त्याबद्दल कुणीच कुणाला जाब विचारलेला दिसत नाही!

मेट्रन मॅडमना पटवायला एक मुद्दा देते. कामाच्या जागी लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा आहे ना, त्यात समेट घडवायचा तर तो तक्रार करणाऱ्या बाईने स्वतः मागितला तरच, असं कलम १० मध्ये आहे. तुमचं प्रकरण त्यातलं नाही, पण समेट वरून लादायचा नसतो हे आपल्याकडे कायद्यालाही कळलंय एवढं त्यांना सांगा. आणि वेगळं बोलताना तिने ब्रदरबद्दल तसलं काही सांगितलंच, तर तिथेच थांबा, अशा तक्रारी बघणाऱ्या इंटर्नल कमिटीकडे कसं जायचं ते तिला सांगा, तुम्ही मध्ये पडून मिटवू नका.

हे मॅडमशी शनिवारच्या आत बोला, तोंडी बोलून झालं की दोन ओळी लिहून पण द्या. तरीही नाहीच ऐकलं तर निदान सॉरीचा भाग केबिनच्या आत ठेवा म्हणावं, बाकी स्टाफ बाहेर, आणि काय होणार आहे ते त्या दोघांना रविवारीच सांगून ठेवा.