मुलीला घेऊन परदेशी जाताना: तुमच्या प्रश्नाचं उत्तर

तुम्ही विचारलंत, मुलीला घेऊन कायमचं परदेशी गेल्यावर आपली गाणी, नाच, गोष्टी, सण तिथे कितपत टिकतात आणि त्यासाठी आधीपासून काय तयारी करावी. व्हिसा, विमा वगैरे अधिकृत माहितीत सापडेलच, त्यात मी शिरत नाही. तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

तुम्ही मानवशास्त्र शिकलाय, म्हणून थेट सांगते. टिकवायची चिंता आधी सोडा. गाणं, नृत्य, वेश, विधी, थट्टामस्करी ही अभिव्यक्तिपर संस्कृती माणसं एकमेकांसमोर करतात तेव्हाच असते. माणसं बदलली की तीही नव्यानं घडते. मानवशास्त्रज्ञ क्लाइड मिचेल यांनी १९५६ साली ‘कलेला’ नावाच्या नाचावर लिहिलं, ते आठवा. उत्तर ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झांबियातल्या तांब्याच्या खाणींवर कामाला आलेले बिसा लोक हा नाच करायचे. अंगात इस्त्रीच्या पँटी, पायात चकचकीत बूट. त्यांच्यात एक ‘डॉक्टर’ असे पांढऱ्या डगल्यात, आणि पांढऱ्या वेशातली एक ‘नर्स’, जी आरसा आणि रुमाल घेऊन एकेका नाचणाऱ्यापाशी जायची, म्हणजे त्याला स्वतःला नीटनेटकं करता यावं. गाण्यांत मात्र आपल्या मुलखाची थोरवी आणि बाकीच्या जमातींची खिल्ली. गावात असताना ‘आम्ही बिसा’ असं कुणाला ठासून सांगावं लागत नव्हतं. खाणीवर दहा ठिकाणची माणसं शेजारी राहायला आली, तेव्हा ते गाऊन सांगायची गरज पडली. मी स्वतः इथे परदेशी आल्यावर हे पुन्हा वाचलं आणि त्या आरशापाशीच कितीतरी वेळ थांबले. परक्या ठिकाणी आपण नीट दिसावं म्हणून किती जीव टाकतो माणूस!

कागदपत्रांचं एवढंच सांगते, कारण हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. बँकेतल्या खात्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा, पत्त्यासाठी भाडेकरार हवा, आणि करारासाठी खातं हवं. प्रत्येक खिडकीवरचा माणूस सभ्य, आणि प्रत्येक जण दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवणारा. मानवशास्त्रज्ञ व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमणविधींचे, म्हणजे माणसाला एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या विधींचे, तीन टप्पे सांगितले: तुटणं, उंबरठ्यावर असणं, सामावलं जाणं. पुढे व्हिक्टर टर्नर या मानवशास्त्रज्ञानं त्यातल्या उंबरठ्याच्या अवस्थेचा विस्तार केला. पण विधीत सोबतीला बरोबरीचे असतात, आणि हे कधी संपणार ते जाणणारे वडीलधारेही असतात. ‘अर्ज विचाराधीन आहे’ या उंबरठ्यावर यातलं कुणीच नसतं. तिथे मी फार चिडचिडी झाले होते, आणि ती चिडचिड अजून पुरती गेलेली नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर, तो येतो, मुक्काम करतो, अंगवळणी पडतो. त्याला घाबरून निर्णय बदलू नका.

शाळेचं मात्र लिहावंच लागेल. माझा मुलगा सुरुवातीला वर्गात बोलायचाच नाही. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं काही काळ नुसती ऐकतात, आणि हे शिक्षकांना ठाऊक असायला हवं. शाळेनं त्याला कच्च्या मुलांच्या वर्गात टाकलं. गणित त्याला सगळं येत होतं. मग ‘विविध संस्कृतींचा दिवस’ आला, तेव्हा त्याच शाळेनं पारंपरिक वेश घालून नाचायला त्यालाच पुढे केलं. तो नाचला, टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वर्गात. परक्या समाजात गेलेली माणसं कशी राहतात यावरची मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांची मांडणी तुम्ही वाचली असेलच: एकात्मता (आपलं राखून त्यांच्यात मिसळणं), विलीनीकरण (आपलं सोडून त्यांच्यातलं होणं), अलगपणा (आपलं धरून त्यांच्यापासून दूर राहणं), परिघावर पडणं (दोन्हीकडून तुटणं). ती वाचताना निवड आपल्या हातात असल्यासारखं वाटतं. पण यजमान समाजानं वाव दिला तरच एकात्मता निवडता येते, हे बेरी स्वतःच सांगतात. मंचावर वाव आणि वर्गात नाही, ही एकात्मता नव्हे. ते आजही मला डाचतं.

आता तो मोठा झालाय. गाणी रचतो, इथल्या भाषेत. चाल कधीकधी आपल्याकडची असते, त्याच्या लक्षातही येत नाही. मला आनंद होतो आणि पोटात तुटतंही, दोन्ही एकदमच. यातलं खरं कुठलं, हे अजून माझं ठरत नाही.

तेव्हा तयारी म्हणाल तर वेश आणि वाद्यं कमी न्या, आणि मुलीसोबत गाणारी-खेळणारी चार माणसं पोचल्याबरोबर शोधा, मग ती कुठलीही असोत. सरकारी खिडकीवर तिला दुभाषी करू नका. मुलं भाषा आधी शिकतात आणि त्यांना आईबापांबद्दल वाटणारी भीडही तितक्याच लवकर सुटते. प्रवेश घेण्याआधी शाळेला दोन प्रश्न लेखी विचारा: न बोलणाऱ्या नव्या मुलाला तुम्ही कुठल्या वर्गात बसवता, आणि ते कुणी, किती दिवसांनी पुन्हा तपासतं? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी शाळा बघा.