तिसऱ्या पडद्यावर चित्र का येत नाही?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉप संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे. त्याला जोडलेले दोन मॉनिटर व्यवस्थित चालतात. मात्र तिसरा मॉनिटर कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला असलेल्या एचडीएमआय पोर्टला जोडला, तर ‘सिग्नल नाही’ एवढीच सूचना दिसते. म्हणून एचडीएमआय स्प्लिटर आणला. त्यामुळे तिसरा पडदा उजळला खरा, पण त्यावर पहिल्याच पडद्याचे चित्र येते. मला तिन्ही पडद्यांवर वेगवेगळे काम करायचे आहे. नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागेल काय?

उत्तर : बहुधा नाही. तिसरा मॉनिटर सुस्थितीत आहे, हे आपल्या स्प्लिटरनेच दाखवून दिले आहे. त्या उपकरणाचे कामच मुळी एका चित्राच्या दोन प्रती काढण्याचे असते, त्यामुळे विंडोजच्या दृष्टीने तेथे एकच मॉनिटर असतो आणि कोणतीही सेटिंग बदलली तरी त्याचे दोन होत नाहीत.

आपण वापरलेले वरचे पोर्ट मदरबोर्डचे आहे. त्यातून येणारे चित्र ग्राफिक्स कार्ड नव्हे, तर प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स तयार करते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ही सोय नसते. तसे असल्यास ते पोर्ट आपल्यासाठी केवळ शोभेचे आहे. सोय असली तरी स्वतंत्र कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. ते बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन पुन्हा चालू करता येते; या पर्यायाला बहुधा ‘आयजीपीयू मल्टि-मॉनिटर’ किंवा त्याच्याशी मिळतेजुळते नाव असते.

मात्र त्या वाटेला जाण्यापूर्वी कार्डावरच एखादे पोर्ट रिकामे आहे का, ते पाहावे. सध्याच्या बऱ्याच कार्डांवर तीन डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखेच, पण वेगळ्या प्रकारचे मॉनिटर जोडण्याचे पोर्ट) व एक एचडीएमआय अशी रचना असते आणि ती एकाच वेळी चार पडदे चालवू शकतात. जुन्या कार्डांच्या बाबतीत मात्र पोर्टांच्या संख्येवर विसंबू नये, कारण चार पोर्ट असूनही एका वेळी दोनच चालतील अशी कार्डेही होती. कमाल किती पडदे चालतात, हे कार्डाच्या माहितीपत्रकात दिलेले असते. रिकामे पोर्ट डिस्प्लेपोर्ट असेल आणि मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल, तर साधा अडॅप्टर पुरतो. अडॅप्टर घेताना त्याची दिशा तपासावी, कारण डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारा अडॅप्टर उलट दिशेने चालत नाही, आणि ही चूक जाणकारांकडूनही होते.

पोर्ट एकच उरले असून पडदे दोन जोडायचे असतील, तर डिस्प्लेपोर्टच्या १.२ या आवृत्तीपासून आलेली एमएसटी (मल्टि-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट, म्हणजे एकाच केबलमधून अनेक स्वतंत्र चित्रे पाठवणे) ही पद्धत उपयोगी पडते. तिच्यामुळे पहिल्या मॉनिटरच्या ‘आउट’ पोर्टमधून दुसऱ्याला साखळीसारखे जोडता येते किंवा एमएसटी हब वापरता येतो, आणि प्रत्येक पडद्यावर स्वतंत्र चित्र मिळते. अर्थात एका केबलची क्षमता सर्वांत वाटली जाते. आवृत्ती १.२ मध्ये चित्रासाठी सेकंदाला सुमारे १७ गिगाबिट उपलब्ध असतात. १९२० × १०८० चा, ६० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत) चालणारा एक पडदा त्यांतील सुमारे ३.२ गिगाबिट घेतो, तर त्याच गतीचा एक फोर-के (३८४० × २१६०) पडदा १२ गिगाबिटांहून अधिक. म्हणजे साधे चार पडदे एका केबलवर सहज चालतील, पण फोर-केचे दोन मावणार नाहीत.

यूएसबीला जोडण्याचे डिस्प्लेलिंक अडॅप्टरही मिळतात. त्यांत चित्राची माहिती संकुचित (कॉम्प्रेस) करण्याचा भार प्रोसेसरवर पडतो. मजकूर वा तक्ते पाहण्यास ते ठीक, खेळांसाठी मी सुचवणार नाही.

प्रश्न : नव्या फोर-के मॉनिटरवर माउसचा बाण अडखळत सरकतो. शेजारच्या जुन्या मॉनिटरवर तसे होत नाही. दोष कशात असावा?

उत्तर : तो पडदा ३० हर्ट्झवर चालत असण्याची शक्यता मोठी आहे. एचडीएमआय १.४ वरून फोर-के चित्र ३० हर्ट्झच्या आसपासच मिळते. ६० हर्ट्झसाठी कार्ड, केबल आणि मॉनिटर हे तिन्ही एचडीएमआय २.० च्या क्षमतेचे लागतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील प्रगत विभागात रिफ्रेश रेट (हर्ट्झमधील हाच आकडा) पाहावा. तेथे ६० चा पर्यायच नसेल, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एचडीएमआयची आवृत्ती निवडण्याची सोय आहे का ते तपासावे, किंवा सरळ डिस्प्लेपोर्टची केबल लावून पाहावी.